डाव्या पायाला ठाऊक होतं

दोर धावतो तेव्हा आवाज होतो, कोरड्या गवतातून जनावर सरकावं तसा. आमच्या बेटावरच्या लेकरांना अंगाईच्या आधी हा आवाज कळतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाबाने अंगणात दोराची भेंडोळी सोडायला घेतली. शेवंडांचे पावणेचारशे सापळे भिंतीसारखे रचलेले होते, त्यांच्यावर दंव पडलं होतं. मी पायरीवर बसून, पाण्यात सापळ्यांची जागा दाखवणारे तरंगे रंगवत होते. पिवळा रंग आणि मधे काळा पट्टा, ही आमच्या घराची खूण. बाबाच्या हातमोज्यांतून दोर सरसरत गेला आणि माझ्या डाव्या घोट्याभोवती कुणीतरी तापलेली तार आवळली.

मी खाली पाहिलं. मोजा होता, मोज्याखाली माझी कातडी होती. लाली नाही, सूज नाही. तरी आतून आग गुडघ्याकडे चढत होती. ब्रश हातातून पडला आणि पायरीवर पिवळा ओघळ उतरला.

"काय गं कॉरिन?" बाबाने विचारलं.

"मुंगी चावली पायाला."

बाबाने माझ्याकडे पाहिलं, मग दोराकडे, आणि पाठ फिरवली.

ती मुंगी गेलीच नाही. आठवड्याभरात मी लंगडू लागले, पंधरा दिवसांत जिना बसून उतरू लागले. इकडे दिवस तर वाट पाहत थांबत नाहीत. नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार म्हणजे आमचा सापळे टाकायचा दिवस. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या या टोकावरची झाडून सगळी बंदरं त्या पहाटे एकदम रिकामी होतात. जो आधी पोचेल त्याला चांगली जागा, आणि मेअखेरपर्यंत शेवंडं पकडायची ती तिथेच. बोटीच्या मागच्या कडेला उभं राहून सापळे लोटण्याचं काम नऊ वर्षं माझं होतं. मी नसले तर बाबा अडुसष्टाव्या वर्षी, सुकाणू सोडून, स्वतः त्या कडेला उभा राहणार. बरोबर असणार फक्त माझा चुलतभाऊ हॅडली, ज्याचं लक्ष कामापेक्षा तोंडाच्या पट्ट्यावर जास्त. त्या कडेला धावत्या दोरात म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकला तर काय होतं, हे बेटावरच्या दफनभूमीत लिहिलेलं आहे. दगड आहेत, खाली माणूस नाही.

आईच्या भावाचा, लेस्टरचा, तिथे असाच एक दगड आहे.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी सापळ्यांच्या तोंडाची जाळी विणत बसायची. लाकडी सुई, हिरवी सुतळी. विणताना गुणगुणायची तिच्या आईचं गाणं:

*विणते मी दार बाई, हिरव्या गं दोऱ्याचं,*
*देवा, आत येऊ दे पाऊल, बाहेर गेल्या पोराचं.*

त्या ऑक्टोबरात ती गाणं अर्ध्यावर सोडायला लागली. सुई थांबायची आणि नजर माझ्या पायावर यायची. तिच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी पाय दुखला, मग हाडात सापडलं, मग पाच महिने.

"एक्सरे काढू या," ती म्हणाली.

एक्सरे स्वच्छ आला. मग मोठ्या मशीनच्या नळीत घालून फोटो काढले, तेही स्वच्छ. सुया टोचून नसा तपासल्या, रक्त तपासलं. सगळं स्वच्छ. प्रत्येक 'स्वच्छ' ऐकला की मला आणखी भीती वाटायची. सापडलं असतं तर त्याला नाव असतं, नाव असतं तर हाक मारून घराबाहेर काढता आलं असतं. हे बिननावाचं माझ्याबरोबर जेवत होतं, माझ्याच उशीवर झोपत होतं.

प्रत्येक तपासणीच्या कागदावर एकच प्रश्न असायचा: अलीकडे या पायाला काही इजा, अपघात?

मी लिहायचे: नाही.

हॅडलीला मात्र निदान सापडलं होतं. धक्क्यावर चारचौघांत तो म्हणाला, "सोमवार जवळ आला की बरोबर दुखतो हं हिचा पाय! जून ते सप्टेंबर कसा ठणठणीत होता? पाय आहे की शाळकरी पोरगं?"

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मोरीत पाणी सोडलं आणि त्या आवाजाआड रडले. कारण तो बोलला ते खोटं नव्हतं. पाय उन्हाळाभर ठीक होता. मग मी सोंग करतेय का? आणि मला न कळता मीच सोंग करतेय, तर त्याला काय म्हणतात? गावात त्याला एक शब्द आहे. तो ज्याला चिकटला त्याच्या हातात कुणी दोर देत नाही.

सोमवारला अकरा दिवस उरले असताना मी गावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ब्लँश म्यूज. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याची मुलगी, हात बापासारखे रुंद. त्यांनी सगळे कागद पाहिले, पाय दाबला, वळवला, तळव्यावर चावी ओढली. मग टेबलावरून उतरायला सांगितलं आणि दाराशी काढलेले माझे बूट माझ्याकडे सरकवण्यासाठी वाकल्या. वाकल्या त्या तशाच थांबल्या.

"डावा नवा आहे," त्या म्हणाल्या. "उजवा चार वर्षं जुना. जोडीतला एक बूट कुठे गेला?"

"पडला पाण्यात."

"रबरी बूट पायातून आपोआप पडतो? मला दोन हात लावून ओढावा लागतो माझा."

माझे दात एकमेकांवर वाजायला लागले. खोलीत हीटर होता, तरी.

आमच्याकडे एक रीत आहे. समुद्राने धरून सोडलेलं माणूस घरी आलं, तर ते कसं सुटलं हे जमिनीवर बोलायचं नाही. उच्चारलं की समुद्राला आठवण होते, म्हणतात. मे महिन्यात बूट गेला त्या दिवसानंतर बाबाने आणि मी ती रीत पाळली. बोटीवरून उतरताना आईचं नाव घेऊन तो एवढंच म्हणाला होता, "थेडाला सांगायचं, बूट पडला." आणि आईने रात्रीच्या जेवणात मला वेंधळी म्हटलं होतं, आणि आम्ही तिघं हसलो होतो.

"माझ्या बापाकडे ही रीत होती," म्यूजबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "ती मला ठाऊक आहे. तुम्ही बोलू नका हवं तर. मी बोलते. दोराचं वेटोळं होतं. तुमचा पाय त्यात होता. सापळा पाण्यात होता."

मी मान हलवली.

"किती ओढलं?"

"मागच्या कडेपर्यंत." माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला. "कंबर पाण्यात गेली होती. बाबाने इंजिन थांबवलं, सुरी घेऊन धावला. दोर तुटत नव्हता. बाई, दोर तुटतच नव्हता. मग बूट गेला."

घोट्यातली आग एवढी भडकली की मी ओरडले. बाहेर बसलेल्या म्हातारीने दारावर टकटक केली, "सगळं ठीक ना गं बाई?"

"ठीक नाहीये, म्हणून तर आल्यात!" म्यूजबाई आतूनच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "बघा, आता दोर कुठे होता खोलीत? पण दुखलं. खरं दुखलं. तुम्ही सोंग करत नाही आणि तुम्हाला वेडही लागलेलं नाही."

"मग हाडात काही...?"

"हाडात काही नाही. एवढ्या तपासण्या झाल्यावर हे मी खात्रीने सांगते. पाय कधीच भरून आला. पण तुमच्या आत जो राखणदार बसलाय ना, त्याला कुणी सांगितलंच नाही की संकट गेलं म्हणून. उन्हाळ्यात दोर नव्हता, तो झोपला. दोर हलला, तो उठला आणि ओरडला. दुखणं म्हणजे त्याचं ओरडणं. तुम्ही घाबरून पाय जपता, आखडता, हाडाचं भय घेऊन रात्र काढता, तसा तो आणखी मोठ्याने ओरडतो. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकतो ना? तुमचा पाय तर आता पाणीसुद्धा फुंकतोय."

"थांबेल?"

"सोमवारपर्यंत? वचन देत नाही. थोडा थोडा शिकेल. आधी दोर नुसता बघा. मग ऐका. मग जवळून जाऊ द्या, आपल्या माणसाच्या हातून. दुखलं तर तोंडाने सांगा, आवंढा गिळू नका. आणि घरी बोला. या रीतीने तुमच्या कागदावर चार वेळा 'नाही' लिहून घेतलंय."

बाबाला विचारल्याशिवाय आईला सांगणं मला जमणार नव्हतं. गुपित दोघांचं होतं. दुपारचे दोन वाजले होते. मी सामानाच्या शेडमागून लंगडत गेले, तर तिथे समुद्रपक्ष्यांचा गलका. बाबा पाठमोरा उभा होता. हातात आईने दिलेला डबा. त्यातली माशाची वडी तो कुसकरून पक्ष्यांपुढे टाकत होता.

"बाबा?"

तो दचकला. डबा मागे लपवला, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"भूक नव्हती."

तेव्हा मी त्याला पाहिलं. महिनाभर मी माझ्याच पायाकडे बघत होते. त्याच्या कमरपट्ट्याला आतून नवीन भोक पाडलेलं होतं. सदऱ्याच्या कॉलरमधे त्याची मान घंटेच्या लोलकासारखी हलत होती.

"कधीपासून?"

"उतरत नाही घास," तो म्हणाला. "इथे गाठ आहे." त्याने गळ्यावर बोट ठेवलं. "पातळ तेवढं जातं. काकवीचा पाव तर बघूनच आवळतं. माझा चुलता यानेच गेला, कॉरिन. गळ्याच्या गाठीने. डिसेंबर निघाला तरी पुष्कळ, असं धरून चाललोय. एवढा सोमवार करून द्यावा तुला आणि मग..."

"कधीपासून, बाबा?"

"जूनपासून." तो थांबला. "मेपासून."

पक्षी भांडत होते. मला एकाएकी इतकी थंडी वाजली की मी शेडच्या भिंतीला टेकले. सहा महिने एका टेबलाशी तीन माणसं जेवत होती. एक हाडाचं भय गिळत होती, एकाला काही गिळता येत नव्हतं.

"तू ओरडला होतास," मी म्हणाले. "दोर कापताना. आठवतं?"

"नाही."

"माझं नाव ओरडत होतास. आणि मग आवाजच बंद झाला तुझा. नुसतं तोंड हलत होतं."

त्याचा हात गळ्यावर गेला आणि तिथेच राहिला.

आईला आम्ही स्वयंपाकघरात सांगितलं. सांगितलं म्हणजे मी सांगितलं. बाबा टेबलावरच्या रेघा मोजत बसला होता. तिच्या हातातली लाकडी सुई आधी हळू झाली, मग थांबली. मी कंबर पाण्यात गेल्याचं बोलले तेव्हा ती उठली, चुलीवरची किटली उचलली, परत ठेवली, परत उचलली.

"बूट पडला," ती म्हणाली. "बूट पडला! आणि मी हसले. मला हसायला लावलंत."

"थेडा, लेस्टरचं तुझं..."

"लेस्टरचं नाव घेऊ नकोस ऑर्विल! लेस्टर आला नाही. ही आलीये. आलेल्या पोरीला मिठी मारायची होती ना मला! तेवढीही ठेवली नाहीत." तिने किटली आदळली, पाणी चुलीवर सांडून फसफसलं. "महिनाभर मी काय करतेय माहीत आहे? ही लंगडते, तू पक्ष्यांना जेवू घालतोस, हो, दिसतं मला खिडकीतून, मी काय आंधळी आहे? रोज जाळी विणताना ठरवते, आधी कोण जाईल. कुणाला कुठल्या कपड्यात ठेवू. तुझा निळा सूट आता तुला ढगळ होईल, मेल्या, तो आत घेऊन शिवावा लागेल, इथवर आले मी!"

बाबाच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. हसू होतं की हुंदका, त्यालाही कळलं नसावं. मग आई माझ्याकडे आली, खाली जमिनीवर बसली आणि माझा मोजा काढून तो पाय तिने मांडीवर घेतला. दुखत होता. तिने दाबला नाही, चोळला नाही, नुसता धरला.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी म्यूजबाईंनी बाबाला शहरात पाठवलं. नळी घालून गळा पाहिला. गाठ नव्हती. त्याने रिपोर्ट खिशात घडी करून ठेवला, पण पाव मात्र गेला नाही. "कागदाने घसा थोडाच उघडतो," तो म्हणाला. तो आता टेबलाशी बसून, सगळ्यांसमोर, रस्सा प्यायचा. दोन चमचे जास्त जायचे. कधी एक कमी.

आणि अंगणात आईने दोर हातात घेतला. जन्मात तिने बोटीच्या दोराला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी नुसता माझ्यापासून दहा पावलांवर ठेवला. मग सरकवला. मी खुंटासारखी उभी. "दुखतंय," मी म्हणायचे. "बरं," ती म्हणायची आणि थांबायची. पळून जायचं नाही आणि रेटायचंही नाही, एवढं बाईंनी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी दोर माझ्या बुटाजवळून धावला आणि मी अंगणात उलटी केली. आठव्या दिवशी तसाच धावला आणि मी उभी राहिले. आग होती, पण पूर्वी ती घर जाळायची, आता चुलीएवढी झाली होती. नवव्या दिवशी परत घर.

हॅडली कुंपणावरून बघत होता. "काकू, सर्कस काढताय का?"

"हो," आई म्हणाली. "माकडाची जागा रिकामी आहे. ये."

सोमवार आला. पहाटे धक्क्यावर सगळं बेट जमलं होतं. सापळ्यांनी लादलेल्या बोटी पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या, दिवे लावून उभ्या. पाद्र्याने आशीर्वाद दिला, भोंगा झाला आणि सगळ्यांनी एकदम इंजिनं ताणली. मी मागच्या कडेला होते. पायाखालची फळी थरथरत होती की मी, ते कळत नव्हतं. बाबाने मला येऊ नको म्हटलं नव्हतं, ये असंही म्हटलं नव्हतं. मी स्वतः चढले होते, आणि चढल्या क्षणापासून उतरावंसं वाटत होतं.

दीड तासाने आम्ही आमच्या जागेवर पोचलो. डावीकडे उजवीकडे हाकेच्या अंतरावर बोटी, प्रत्येकाला पुढे जाण्याची घाई. हॅडलीने पहिला सापळा कठड्यावर चढवला. "लोट गं!"

मी लोटला. सापळा गेला, दोर त्याच्यामागे निघाला, आणि तार आवळली. घोटा, पोटरी, मांडी. श्वास अडकला. थंड पाणी कमरेला लागल्याचं मला स्पष्ट जाणवलं, मी कोरडी उभी असताना. दुसरा सापळा कठड्यावर आलाच होता.

"दुखतंय," मी म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही. मग ओरडले, "बाबा! दुखतंय!"

बाबाने इंजिन गिअरमधून काढलं.

सापळे टाकायच्या दिवशी कुणी थांबत नाही. वादळातही नाही. आमच्या दोन्ही बाजूंनी बोटी पुढे निघाल्या, आमच्या जागेवर त्यांचे तरंगे पडू लागले. हॅडलीने तोंड उघडलं, बाबाने नुसता हात वर केला, त्याने मिटलं. रेडिओ खरखरला.

"ऑर्विल, इंजिन गेलं का? का झोपलास?" मागे कुणीतरी हसलं.

बाबाने माइक उचलला. मी त्याची मान पाहत होते. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, परत वर गेली. मला वाटलं आवाज निघणार नाही. पाण्यावर, त्या पाण्यावरच, ते बोलणं म्हणजे जमिनीवर बोलण्याच्या शंभरपट धोका. बोलू नको, बाबा. बोल.

"इंजिन ठीक आहे," तो म्हणाला. आवाज फाटका होता. "मे महिन्यात पोरीला दोराने धरलं होतं. इथेच. सुटली ती. तिचा पाय दुखतोय. म्हणून थांबलोय."

रेडिओ गप्प झाला. वीस बोटी ऐकत होत्या. पाणी बोटीच्या अंगावर थापा मारत होतं, आणि मी कठडा दोन्ही हातांनी धरून त्या पाण्याकडे बघत होते, ते काय करतं ते बघत. ते काळं होतं, हलत होतं, बाकी काही नाही.

मग एक घोगरा, म्हातारा आवाज आला. कुणाचा ते मी ओळखलं, नाव घेत नाही. "थांब मग," तो म्हणाला. "माझ्या तरंग्यांच्या आतली जागा मी सोडतो तुला."

बाबाने माइक ठेवला, मागे वळून मला विचारलं, "परत जायचं?"

दुखत होतं. भीती होती, पोटापासून टाळूपर्यंत. मी पाय उचलला, जिथे दोर पडत नाही तिथे ठेवला, वजन दिलं. पायाने वजन घेतलं.

"जरा थांबू," मी म्हणाले. "मग हळू."

आम्ही थांबलो. पूर्वेला उजाडत होतं. थोड्या वेळाने मी हॅडलीला खूण केली, आणि त्याने एक शब्द न बोलता दुसरा सापळा माझ्यापुढे सरकवला.